लेकीच्या गाडीतली बंदूक

ती बंदूक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा लेक जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ती पुसत बसली होती. मी आणि बायको सकाळीच शुगर लँडच्या आमच्या घरून निघून तिच्याकडे पोचलो होतो. बायकोच्या हातात कोथिंबीर वड्यांचा डबा होता आणि तो ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

"आई, तिथे नको ठेवूस, तेल सांडलंय," लेक म्हणाली.

बायको डबा हातात धरून उभीच राहिली. घरात बंदूक दिसली की काय बोलायचं असतं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं टेक्ससमध्ये काढली, शेजाऱ्यांकडे बंदुका असतात हे ठाऊक होतं, पण आमच्या घरात दिवाळीच्या टिकल्या वाजवायच्या पिस्तुलापलीकडे काही आलेलं नव्हतं.

आमची लेक एका लहान काउंटीत, इथल्या जिल्ह्यात, डेप्युटी आहे, म्हणजे शेरीफच्या हाताखालची पोलीस. शुगर लँडपासून पश्चिमेला तीन-चार तास गाडी चालवली की ती काउंटी लागते. कुरणं, तारेची कुंपणं, मधूनच तेलाचा पंप, आणि एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत कुणीही नाही. कॉलेजमध्ये असताना तिने उन्हाळ्यात पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेण्याचं काम केलं होतं. शेवटच्या वर्षी एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मी ॲकॅडमीला अप्लाय केलंय. पोलीस ॲकॅडमी." मी विचारलं, का? तर म्हणाली, "फोनवर समोरचा माणूस ओरडत असतो आणि आपण नुसतं ऐकायचं. कोणीतरी पोचेपर्यंत काहीच करता येत नाही. I can't do that. मला पोचणारी व्हायचंय."

मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी बायकोला विचारलं, "पोलीस म्हणजे ते सायबरवालं, कॉम्प्युटरवरचं का गं?" बायको हो म्हणाली. गाडीत बसल्यावर मी तिच्याकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

तर ती बंदूक. मी आयुष्यभर तेल कंपन्यांसाठी झडपा डिझाइन केल्या आहेत. कुठलंही यंत्र समोर आलं की माझे हात आपोआप पुढे होतात. लेकीने ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि माझ्या हातात दिली. लाकडी दस्ता, सडपातळ, वाटली होती त्यापेक्षा हलकी. चापाभोवती एक लांबट लोखंडी कडी. त्या कडीत बोटं घालून ती खाली ढकलायची आणि परत वर आणायची. जाताना जुनं काडतूस बाहेर फेकलं जातं, येताना नवं आत बसतं. गोळी झाडायची, कडी खाली-वर करायची, पुन्हा झाडायची. इथे तिला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. काउबॉयच्या हातात असते ती हीच. मला वाटलं, शोभेची असेल.

"ही माझी पट्रोल गन आहे," ती म्हणाली. "गस्तीला असते गाडीत."

"ही?"

"हो. ही."

तिच्या काउंटीत डेप्युटी मोजकेच. कमरेचं पिस्तूल खात्याचं, पण गाडीतली लांब बंदूक ज्याची त्याने आणायची; परीक्षा देऊन नेम सिद्ध केला की झालं. बाकीच्या बहुतेकांकडे काळ्या, सैनिकांकडे असतात तशा रायफली. फक्त हिच्याकडे आणि हिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सार्जंटकडे ही कडीची. मी कारण विचारलं. आधी तिने यंत्राची कारणं सांगितली. चपटी आहे, सीटच्या बाजूला नीट बसते, बिघडत नाही, दूरवर नेम चांगला लागतो. मग म्हणाली, "आणि बाबा, इकडे प्रत्येकाच्या आजोबांकडे एक असते अशी. मी ती काळी घेऊन उतरले ना, की लोक टेन्स होतात. ही घेऊन उतरले की म्हणतात, नाइस रायफल, माझ्या आजोबांची अशीच होती. मग बोलायला लागतात."

ती पाच फूट दोन इंच. सावळी. गणवेशावरच्या पट्टीवर आमचं आडनाव, जे तिथे कुणालाच उच्चारता येत नाही. एखाद्याच्या फाटकातून आत जाताना आपण परकं वाटू नये म्हणून तिने त्याच्या आजोबांची बंदूक उचलली होती. मी कडी एकदा खाली-वर केली. खटका स्वच्छ होता. "यंत्र छान आहे," एवढंच म्हणालो.

घरी आल्यावर वाचायला बसलो. ऑफिसात डबा खाताना, डेंटिस्टकडे वाट बघताना, सतत तेच. इंटरनेटवर माणसं या बंदुकीवरून तावातावाने भांडत होती. निम्मे म्हणायचे, खेड्यातल्या पोलिसाला ही पुरे, दोन-चार गोळ्यांपलीकडे कधी वेळच येत नाही. निम्मे म्हणायचे, ज्या दिवशी वेळ येईल त्या दिवशी काडतुसं भरता भरता मराल. मी दोन्ही बाजूंचं वाचायचो आणि दुसरीच बाजू लक्षात राहायची. काळ्या रायफलीची काडतुसं एका पेटीत असतात. पेटी रिकामी झाली की खाली पाडायची, दुसरी लावायची. हिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक उभी. संपली की बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक आत ढकलायची. झडपेचं काम म्हणजे माझं काम. पण कुणी आपल्यावर गोळ्या झाडत असताना थरथरत्या बोटांनी ती झडप कशी वागेल, हे कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं.

पुढच्या खेपेला मी तिला म्हटलं, भरून दाखव. तिने सरावाची खोटी काडतुसं आणली आणि उभ्या उभ्या, बंदुकीकडे न बघता भरायला लागली. बोटं फार सफाईने चालत होती. मधेच एक काडतूस निसटलं आणि टणटणत फ्रीजखाली गेलं. मी गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्याने ते बाहेर काढलं.

"आणि असं झालं तर?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"तर पुढचं काढायचं, बाबा."

मग मी एक गोष्ट केली जी आमच्या घराण्यात कुणी केली नसेल. एका शनिवारी बंदुकीच्या दुकानात गेलो. बायकोला सांगितलं, होम डेपोला जातोय, नळाचं सामान आणायला. दुकान हायवेच्या कडेला, गादीच्या दुकानाशेजारी. आत भिंतभर बंदुका आणि एक तरुण बाई काउंटरवर. मी सांगितलं, मुलगी पोलिसात आहे, तिला आजच्या काळातली रायफल भेट द्यायची आहे. तिने अगदी आस्थेने दोन-तीन काढून दाखवल्या. मी हातात घेतल्या. हातांना त्यातलं काही कळत नव्हतं, असं माझं पहिल्यांदाच झालं. शेवटी ती बाई म्हणाली, "सर, तिलाच घेऊन या ना. गन जिने चालवायची तिच्या खांद्याला बसायला हवी."

मी दुकानाबाहेर गाडीत बसूनच लेकीला फोन लावला.

"तू कुठे आहेस म्हणालास?" ती आधी हसली. मग मी काय बघितलं, त्यात काय चांगलं आहे, ते सगळं तिने ऐकून घेतलं.

"बाबा, नको."

"अगं, भेट म्हणून घे. नाही वापरलीस तरी गाडीत राहील."

"तसं नसतं. ज्या गनवर मी क्वालिफाय झाले तीच गाडीत असते. आणि मला हीच येते. झोपेतही येते."

"पण जास्त लोक असले समोर—"

"तर तू दिलेल्या गननेही मी एकटीच असणार आहे, बाबा. सगळ्यात जवळचा डेप्युटी अर्ध्या तासावर असतो. It's not the gun."

मी दुकानाच्या काचेवर सेलची पाटी होती ती वाचत बसलो. तिलाच बहुतेक दया आली. म्हणाली, "तू एक दिवस माझ्याबरोबर गाडीत ये. राइड-अलाँग. बरेच लोक करतात. तुला बघायला मिळेल की काही होत नाही. फार बोअर असतं, यार." नातेवाइकाला असं बसू देत नाहीत एरवी, पण लहान काउंटी, शेरीफने चालवून घेतलं.

मार्च होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळी रानफुलं आली होती आणि लोक मध्येच गाड्या थांबवून मुलांचे फोटो काढत होते. मला बुलेटप्रूफ जाकीट दिलं. ते पोटावर मिटेना. लेकीने दोन्ही पट्टे ओढून ओढून बसवलं, लहानपणी मी तिचा कारसीटचा पट्टा बसवायचो तसं, आणि बजावलं, "मी सांगितल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. काहीही झालं तरी. प्रॉमिस?"

मी मान डोलावली.

सकाळ खरंच कंटाळवाणी गेली. सुटलेल्या बकऱ्या, एका चर्चचा चुकून वाजलेला चोर-अलार्म, वेगात जाणारा एक तरुण ज्याला तिने समज देऊन सोडलं. ती लोकांशी त्यांच्या हेलात बोलत होती, "येस मॅम, नो सर," असं लांबवून. हे इंग्रजी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या दोन सीटांच्या मधे ती बंदूक उभी होती, माझ्या गुडघ्याला जवळजवळ टेकून. थोड्या वेळाने मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

दुपारी रेडिओवर निरोप आला. शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर घोड्यांचा ट्रेलर उलटला होता. आम्ही पोचलो तेव्हा एक पिकअप आडवा उभा होता आणि मागचा ट्रेलर कुशीवर पडलेला, दार उघडलेलं. सत्तरीच्या पुढची एक बाई रस्त्याच्या कडेला उभी. कपाळावर रक्त, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एकटीच गाडी चालवत होती. दोन घोडे होते. एक आतच मेला होता. दुसरी घोडी कशीतरी बाहेर पडून त्या निळ्या फुलांत आडवी झाली होती आणि पुन्हा पुन्हा उठू बघत होती. तिचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळले होते.

काच बंद होती तरी मला तिचा आवाज ऐकू येत होता. घोड्याचा असा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

लेक आधी बाईंपाशी गेली, कपाळ पाहिलं, रेडिओवर बोलली. ॲम्ब्युलन्स निघाली होती. जनावरांचा डॉक्टर शेजारच्या काउंटीत कुठेतरी होता, तासाच्या वर लागणार होता. बाईंनी घोडीकडे हात केला, मग लेकीच्या दंडावर ठेवला. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण न कळण्यासारखं काही नव्हतं. लेक मान खाली घालून ऐकत होती. मग गाडीकडे चालत आली.

तिने तिच्या बाजूचं दार उघडलं आणि बंदूक काढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, उतर. त्यांना धर. तिकडे तोंड करून उभं कर."

मी उतरलो. मी त्यांच्या खांद्याभोवती हात घालून त्यांना ट्रेलरच्या उलट दिशेला वळवलं. त्या माझ्यापेक्षा उंच होत्या. त्या घोडीचं नाव घेत होत्या, हळूहळू, झोपवताना घेतात तसं. मी त्यांना वळवलं खरं, पण मी स्वतः मान वळवून बघत होतो. नको होतं बघायला. माझं वाचन मला उगाच आठवत होतं, गोळीचं वजन, वेग, सगळं.

लेक घोडीच्या पुढे उभी राहिली. काहीतरी बोलली तिच्याशी. बंदूक खांद्याला लावली. थांबली. घोडीचं डोकं जरा स्थिर झालं आणि तिने चाप ओढला, आणि नेमकं त्याच क्षणी घोडीने मान उचलली.

गोळी लागली, पण हवी तिथे नाही. माझ्या हाताखाली बाईंचं अंग ताठ झालं. घोडी अजून ओरडत होती. मला जागचं हलता येईना. आतून मी लेकीकडे धावत होतो, आणि धावून तरी काय करणार होतो? तिच्या हातातून घेणार होतो? मला ती धरताही आली नसती. तिला थांब म्हणणार होतो? थांबणं तर त्याहून वाईट होतं. लेकीने कडी खाली केली, वर घेतली. तो स्वच्छ खटका मी तिच्या जेवणाच्या टेबलापाशी ऐकला होता आणि छान म्हणालो होतो. पुन्हा आवाज झाला. मग काहीच नाही, फक्त दूर कुठेतरी गाई हंबरत होत्या.

लेक बराच वेळ वाकून बघत राहिली. मग कडी आणखी एकदा खाली-वर केली, गवतातून दोन्ही रिकामी काडतुसं शोधून खिशात टाकली, आणि तिथेच उभी राहून बाजूच्या झडपेतून दोन नवी आत ढकलली. बोटं अजिबात थरथरत नव्हती. मला वाटलं होतं थरथरतील. थरथरली असती तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं.

बाई स्वतःच वळल्या. चालत जाऊन घोडीच्या मानेवर हात ठेवून बसल्या. मग उठताना लेकीला म्हणाल्या, "तू तिच्यासाठी योग्य तेच केलंस, हनी." आणि बंदुकीकडे पाहून, "माझ्या नवऱ्याची अशीच होती."

"येस मॅम," लेक म्हणाली.

ॲम्ब्युलन्स आली, ट्रेलर उचलायला गाडी आली. बाई ॲम्ब्युलन्समध्ये बसायला तयार नव्हत्या. घोडीला नेईपर्यंत इथेच थांबणार म्हणाल्या. लेक त्यांच्याशेजारी थांबली. मी गाडीत जाऊन बसलो. ते जाकीट मला काढता येईना, तसाच घामाने भिजत बसलो.

परतीच्या वाटेवर मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, काही बोलू नकोस. प्लीज."

कुरणं जात राहिली. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "मी याआधी हरणं मारलीत. गाडीखाली आलेली. घोडा पहिल्यांदा."

मग आणखी दोन-चार मैलांनी, "दुसऱ्या गनने पण फर्स्ट शॉट चुकलाच असता. तुला सांगते फक्त."

"मी तसा विचार करत नव्हतो," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मी विचार करत होतो की आज ती घोडी होती. ते वाक्य माझ्याच्याने पुढे जाईना, मनातल्या मनातसुद्धा.

तिच्या घरी पोचल्यावर ती आंघोळीला गेली आणि फार वेळ बाहेर आली नाही. पाण्याचा आवाज येत होता. मी दाराबाहेर उभा राहिलो, हात वर केला आणि न वाजवताच परत येऊन सोफ्यावर बसलो. बायकोला फोन करून सांगितलं, एका अपघातात घोडी मेली, बाकी शांत होतं सगळं. बायको म्हणाली, "ती ठीक आहे ना?" मी म्हणालो, हो. बायकोने पुन्हा विचारलं, "आणि तू?"

यालाही आता बरेच महिने झाले. हिवाळ्यात काउंटीने नियम बदलला. सगळ्या डेप्युटींना एकसारख्या नव्या रायफली आल्या, काळ्या, पेटीच्या, दुकानातल्या त्या बाईने मला दाखवलेल्या होत्या साधारण तशाच. घरच्या बंदुका गाडीत ठेवायच्या नाहीत असं ठरलं. म्हातारा सार्जंट कुरकुरला आणि थोड्याच दिवसांनी रिटायर झाला. लेकीने आठवडाभराचं ट्रेनिंग घेतलं आणि त्यात पहिली आली.

"मग, खूश?" तिने फोनवर मला विचारलं.

मी हो म्हणालो. मला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. मी नव्या रायफलीबद्दलही वाचायला घेतलं, तिच्यातही काय काय बिघडतं ते कळलं, आणि एका दुपारी मी ते वाचणं बंद केलं.

परवा तिचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं घरीच होतो, फोन स्पीकरवर होता. कुणाच्या तरी कुरणात गोळीबाराचा आवाज आला म्हणून ती गेली होती. काही नव्हतं, कुणी रानडुकरं मारत होतं. पण फाटकाशी तिथला मालक आला, आणि तिच्या हातातली ती काळी रायफल बघून त्याने दोन्ही हात वर केले.

"जोक केला असेल," मी म्हणालो.

"अर्धा जोक होता. मीपण हसले." मग म्हणाली, "बाबा, तो मला ओळखतो. त्याच्या बायकोने मागे मला बागेतले पीच दिलेत घरी न्यायला."

बायकोने फोन आपल्याकडे ओढला आणि विचारलं, "मग तू काय म्हणालीस त्याला?"

"काही नाही, आई. हात खाली घ्या म्हटलं."

मग मागे तिचा रेडिओ खरखरला आणि ती म्हणाली, जाते मी.